‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात एक वाक्य मला वारंवार भेटते. निकालात घोळ झाला, रक्कम दोनदा वळती झाली, एकाचे नाव दुसऱ्याच्या कागदावर छापले गेले, की बातमीच्या शेवटी ते हजर असते : ‘तांत्रिक बिघाडामुळे हा प्रकार घडल्याचे सांगण्यात आले.’ पुढे पूर्णविराम. सांगणारा सुटतो आणि बातमीदारही पुढच्या बातमीकडे वळतो. पूल खचला तर आराखडा कोणाचा, तपासणी कोणी केली, हे आपण खोदून खोदून विचारता. संगणकाचे नाव निघाले की मात्र वीज पडावी तसे लिहिले जाते, जणू त्यात कोणाचाच हात नाही.

मी २६ वर्षे संगणकातल्या माहितीसाठ्यांचे, म्हणजे डेटाबेसचे, काम केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. डिस्क बसली, वीजपुरवठ्याचा भाग जळाला, असे खरेखुरे बिघाड या काळात बोटांवर मोजण्याइतके पाहिले. बाकीचे सगळे माणसांनी घेतलेले निर्णय होते. बहुतेक घाईत घेतलेले, काही हुशारीच्या भरात. त्यातला एक माझा होता, आणि तोच सांगते.

आमची कंपनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर करत असे. सुरुवातीच्या काळात एका गोष्टीने आम्हाला हैराण केले होते. एकच माणूस तीनदा आला की काउंटरवर त्याचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले जायचे आणि टेबलात (डेटाबेसमधल्या ओळी-रकान्यांच्या तक्त्यात) तीन पेशंट तयार व्हायचे. जुने रिपोर्ट सापडायचे नाहीत, ग्राहक चिडायचे. मी तोडगा काढला. ओळख पटवण्यातून नाव काढूनच टाकले. फोन नंबर आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असा नियम केला आणि टेबलावर तसे बंधन घातले : या दोन गोष्टींच्या एका जोडीला एकच ओळ. बैठकीत वीस मिनिटांत मंजुरी मिळाली. दुहेरी नोंदी थांबल्या, माझी पाठ थोपटली गेली. पुढे बारा वर्षे कोणी त्याबद्दल ब्र काढला नाही.

मग एका प्रयोगशाळेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी तक्रार नोंदवली. ‘या पेशंटचा रक्तगट मार्चमध्ये ओ पॉझिटिव्ह होता, ऑगस्टमध्ये बी पॉझिटिव्ह आला आहे. कृपया पाहावे.’ ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या आमच्या सपोर्ट विभागाने दुसऱ्याच दिवशी ते तिकीट, म्हणजे ती नोंदलेली तक्रार, बंद केले. कारण : वापरणाऱ्याची चूक. बाईंनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही रिपोर्टांचे फोटो काढले आणि आमच्या जुन्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेल्या ई-मेलवर पाठवून दिले. तो पत्ता माझा होता. सोबत एकच ओळ होती : ‘मॅडम, माणसाचा रक्तगट बदलत नाही हो.’ (अस्थिमज्जेचे रोपण झाले तर बदलू शकतो, हे मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितले. इथे तसे काही नव्हते.)

ते जुळे भाऊ होते. फोन आईचा, जन्मतारीख अर्थातच एक. पहिल्याची नोंद झाल्यावर दुसरा आला, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला : ‘हा पेशंट आधीच नोंदलेला आहे. नावात बदल करायचा का?’ काउंटरवर जो कोणी होता त्याने ‘हो’ दाबले. समोर रांग उभी असताना कोणीही तेच करील. पुढच्या खेपेस पहिला आला, नाव पुन्हा बदलले. म्हणजे एका ओळीत दोन मुले राहत होती आणि जो शेवटी येऊन गेला त्याचे नाव त्या ओळीला लागत होते. दोघांपैकी कोणावरही रक्त घ्यायची वेळ आली नाही, हे आमचे नशीब. त्यात आमची कर्तबगारी शून्य.

नियम बदलायला एक दुपार पुरली. माहिती दुरुस्त करायला पाच महिने लागले. हा फरक कोणाला समजावून सांगणे किती अवघड असते, ते मी पाच महिने अनुभवले. दर सोमवारी साहेब विचारायचे, ‘बग तर फिक्स झाला ना? मग अजून काय चाललंय?’ चालले हे होते की जुने नाव आम्ही कुठे ठेवलेलेच नव्हते. नवे नाव आले की जुन्यावर लिहायचे, अशी रचना. शिवाय रिपोर्टाच्या टेबलात पेशंटचे नाव नव्हते, फक्त त्याचा क्रमांक होता. छापताना त्या क्रमांकावरून नाव उचलले जाई. एरवी ही रीत बरोबरच आहे, एक गोष्ट एकाच जागी ठेवावी हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पण रिपोर्ट हा दस्तऐवज आहे. ज्या दिवशी दिला त्या दिवशी त्यावर काय होते हे गोठवून ठेवायला हवे होते. ते न केल्यामुळे मार्चचा रिपोर्ट आज छापला की त्यावर आजचे नाव यायचे. कोणता रिपोर्ट कोणत्या भावाचा, हे सांगू शकणारी एकही नोंद आमच्याकडे नव्हती. शेवटी प्रयोगशाळांनी खोक्यांत भरून ठेवलेले हाताने लिहिलेले फॉर्म काढले आणि एकेक ओळ ताडून पाहिली. जुळी तर सापडलीच, शिवाय एका संस्थेने सगळ्या मुलांसाठी एकच नंबर दिला होता, त्यातली एकाच दिवशी जन्मलेली मुलेही एकमेकांत मिसळलेली निघाली.

या व्यवसायाबाहेरच्या माणसाला वाटते की सॉफ्टवेअर म्हणजे कोड. आमच्या टेबलांवरचे सॉफ्टवेअर माझ्या डोळ्यांदेखत तीनदा नव्याने लिहिले गेले. भाषा बदलल्या, पडदे बदलले, लिहिणारी मुले बदलली. टेबले तीच राहिली. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली एक निबंध लिहिला, त्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. माहिती आत कशी साठवली आहे याच्याशी ती वापरणाऱ्याचे देणेघेणे नसावे, हा त्यातला मोठा विचार. मी माझ्या हाताखालच्या मुलांना त्यातले एवढेच सांगायची, आणि तेही माझ्या शब्दांत : टेबलातली प्रत्येक ओळ हे जगाविषयी केलेले एक विधान आहे. ते खोटे असू शकते. ‘या फोनचा आणि या तारखेचा माणूस जगात एकच आहे’ हे माझे विधान खोटे होते, आणि यंत्राने ते बारा वर्षे इमानदारीने पाळले.

रिकाम्या रकान्याचेच घ्या. रकाना रिकामा आहे म्हणजे काय? विचारले नाही, सांगितले नाही, लागू नाही, की तपासणी अजून व्हायची आहे? दोन रिकाम्या रकान्यांतली किंमत सारखी आहे का असे विचारले, तर डेटाबेस ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. ‘माहीत नाही’ असे उत्तर देतो. या बाबतीत तो बैठकांतल्या माणसांपेक्षा प्रामाणिक आहे. एका नवशिक्याने आमच्याकडे रिकाम्या जागी शून्य भरून टाकले होते, अहवाल नीटनेटका दिसावा म्हणून. तपासणीच न झालेल्या माणसाची साखर शून्य!

साखरेवरून आठवले. काही प्रयोगशाळा ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काही मिलिमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींत सुमारे अठरा पटींचा फरक. रकान्यात नुसता ‘५.५’ असेल तर त्याला काही अर्थ नाही. नासाचे मंगळाभोवती फिरायला निघालेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हातचे गेले ते असल्याच कारणाने. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम जोर पौंडांच्या हिशेबात सांगत होता, घेणारा तो न्यूटन या मेट्रिक एककातला समजत होता. जवळजवळ साडेचार पटींचा फरक. ही गोष्ट सगळेच सांगतात, पण त्यातला अर्धा भाग सहसा गाळला जातो. आकडे जुळत नाहीत अशी शंका यानाचा मार्ग पाहणाऱ्या काहींना आधीच आली होती. ती रीतसर वर पोचली नाही, आणि कोणी शेवटपर्यंत तिचा पाठपुरावाही केला नाही. रकान्याला एकक नव्हते हा एक दोष. शंकेला वाट नव्हती हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा.

आमच्याकडेही तेच झाले होते. सपोर्टमधल्या मुलांना मी आधी मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. नंतर कळले की त्यांचे मूल्यमापन तिकीट ४८ तासांत बंद होते की नाही यावर व्हायचे. ‘वापरणाऱ्याची चूक’ निवडले की तिकीट तत्काळ बंद व्हायचे. ‘तपासाची गरज’ निवडले की ते आमच्या विभागाकडे यायचे आणि दोन आठवडे उघडे राहून त्यांचा आकडा बिघडवायचे. मग त्यांनी काय करावे? जे मोजाल ते माणसे तुम्हाला आणून देतील, हवे त्या रूपात. ॲपलमध्ये १९८२ च्या सुमारास लिसा संगणकाच्या कामावर असताना प्रत्येकाने आठवड्यात किती ओळी कोड लिहिला ते फॉर्मवर भरायचे होते. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात एक भाग नव्याने, आटोपशीर लिहून काढला होता, म्हणून त्यांनी ‘उणे २०००’ असे भरले. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणेच बंद झाले. आमच्या सपोर्टमध्ये कोणी ॲटकिन्सन नव्हते. दोन वर्षांच्या करारावरची मुले होती.

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली लिहिले की संस्थेत बोलाचालीच्या वाटा जशा असतात, तशीच तिने घडवलेल्या प्रणालीची रचना होते. आमचे सपोर्ट आणि आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर होतो, एकत्र बैठक वर्षातून एकदा. तक्रारींचे टेबल आणि पेशंटचे टेबल यांत एकही धागा नव्हता. एकाच पेशंटबद्दल तीनदा तक्रार आली, हे दाखवणारा प्रश्न डेटाबेसला विचारता येत नव्हता. मजल्यांमधली भिंत टेबलांमध्ये उतरली होती.

पाच महिन्यांतले तीन उलटल्यावर वरिष्ठांनी नेहमीचा उपाय केला. आम्ही पाच जण होतो, आणखी सहा जण दिले. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या सिस्टीम ३६० या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम घडवून घेतल्यावर, १९७५ मध्ये, छापून ठेवले आहे की रखडलेल्या सॉफ्टवेअरला माणसे वाढवली की ते आणखी रखडते. पाच जणांत आपसांत बोलणाऱ्या जोड्या दहा होतात, अकरा जणांत पंचावन्न. नवे सहा जण हुशार होते, पण स्टेटसच्या रकान्यातला ७ म्हणजे ‘नमुना परत मागवला’ आणि एका जुन्या ग्राहकाकडे तोच ७ म्हणजे ‘बिल थकीत’, हे कुठेच लिहिलेले नव्हते. ते माझ्या आणि आणखी एकाच्या डोक्यात होते. तो दुसरा दोन आठवडे फक्त शिकवत बसला. माझी चूक इथेही आहे. अर्थ टेबलात लिहायचा असतो, डोक्यात नाही.

जुन्या खुणेला नवा अर्थ चिकटवण्याचा हा प्रकार किती महागात पडतो ते १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या सौदे करणाऱ्या कंपनीने पाहिले. कित्येक वर्षे न वापरलेल्या एका प्रोग्रॅमची खूण त्यांनी नव्या कामासाठी वापरली. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहून गेला. तिथे ती खूण दिसताच जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि धडाधड शेअर्सचे सौदे करत सुटला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने ९७ ई-मेल पाठवले होते, त्यात त्या जुन्या प्रोग्रॅमचे नावही होते. ते इशारे म्हणून पाहायची कोणाला सवय नव्हती. आठही सर्व्हर दुसऱ्या माणसाने एकदा पाहावेत, असा लेखी नियमही नव्हता. याला ‘तांत्रिक बिघाड’ म्हणायचे का? सर्व्हर आठही ठणठणीत होते.

आणि हे फक्त मोठ्या आर्थिक संस्थांत घडते असे नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार नोंदी रोजच्या आकडेवारीतून गळल्या, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध तितके दिवस लांबला. फाइलने आपली मर्यादा कधी लपवली नव्हती. तिला या कामाला कोणी बसवले, हा विचारण्याचा प्रश्न. त्याच वर्षी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने काही मानवी जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले, कारण ‘मार्च १’ असे नाव टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करून टाकी. शास्त्रज्ञांनी जनुकांची नावे बदलली. एक्सेल बदलायला वाट पाहावी लागली. मला हे वाचून हसू आले, मग थोडे वाईटही वाटले.

आता त्या बैठकीबद्दल, जिच्यात आमच्या चुकीचा ‘पंचनामा’ झाला. पहिला प्रश्न होता, ‘हे कोणी केलं?’ खोलीत शांतता. बारा वर्षांपूर्वीचे कोणाला आठवणार, असा सगळ्यांचा आडोसा. मी म्हटले, ‘मी केलं. का केलं तेही सांगते.’ मी धाडसी होते म्हणून नव्हे, निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती म्हणून. पंचविशीतल्या कोणाला हे परवडले नसते, आणि नेमकी तीच मुले रोज टेबलांत हात घालतात. कबुलीला शिक्षा असेल तर पुढची चूक आणखी खोल पुरली जाते. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसच पुसला. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. राखीव प्रतींच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, ऐन वेळी एकही भरवशाने चालेना; बॅकअप फसतो आहे हे सांगणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. एका सहा तास जुन्या प्रतीने वाचवले. पण त्यांनी सगळे जगासमोर लिहिले, दुरुस्तीचे काम थेट प्रक्षेपित केले आणि त्या अभियंत्याला बळी दिले नाही. त्यामुळे माझ्यासारख्या हजारोंनी दुसऱ्या दिवशी आपापला बॅकअप परत उतरवून पाहिला. आमचा उतरला, पण त्याला ११ तास लागले. कागदावर आम्ही दोन लिहिले होते.

सध्या कोड यंत्राकडून लिहून घेण्याची लाट आहे, तिच्याविषयीही आपल्याकडे बरेच छापून येते. मी वापरून पाहिले, काम झपाट्याने होते. त्याला मी जाणूनबुजून माझा जुना नियम सांगितला : फोन आणि जन्मतारीख जुळली की माणूस एक. त्याने तक्रार न करता सुरेख कोड लिहून दिला. मीही त्या वेळी तक्रार केली नव्हती.

तर विनंती अशी. पुढच्या वेळी कोणी ‘तांत्रिक बिघाड’ म्हणाले, की आपल्या बातमीदाराने एवढे तरी विचारावे : ही माहिती कोणत्या गोष्टीवरून एकमेकांपासून वेगळी ओळखली जाते, आणि ते कोणी ठरवले? जुनी नोंद शिल्लक आहे का, की तिच्यावर नवी लिहिली? राखीव प्रत शेवटची परत उतरवून कधी पाहिली? पहिली तक्रार कोणत्या तारखेला आली आणि ती कोणत्या कारणाने बंद केली? यांतल्या कुठल्याच प्रश्नाला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त अडचणीत आणतो, हे अनुभवाने सांगते.

जाता जाता त्या बाईंच्या तिकिटाचे. सगळे निस्तरल्यावर मी ते स्वतः उघडले आणि ‘वापरणाऱ्याची चूक’ हे कारण खोडायला गेले. तिकीट बंद करण्याच्या कारणांच्या यादीत सहा पर्याय होते : वापरणाऱ्याची चूक, प्रशिक्षणाची गरज, नेटवर्क, हार्डवेअर, तांत्रिक बिघाड, इतर. ‘रचनेतील चूक’ असा पर्यायच नव्हता. ती यादी कोणी बनवली ते शोधले, तर खाली माझीच आद्याक्षरे. सातवा पर्याय घालायला रीतसर अर्ज केला. त्याला मंजुरी मिळून तो पडद्यावर यायला चार महिने लागले.

आपली,
एक वाचक
(निवृत्त डेटाबेस प्रशासक)